सहा तारांचे पालुपद

भाषा शिकवणाऱ्या माणसाला लोक कधी काय विचारतील याचा नेम नसतो. पालुपद म्हणजे काय, ते ओवीला का नसते आणि अभंगात का असते, असे मी एकदा वर्गात समजावून देत होते. तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, मग गिटारच्या रिफला मराठीत पालुपदच म्हणायचं ना?" खरे सांगते, त्या क्षणी मला रिफ म्हणजे काय ते नीटसे ठाऊक नव्हते. मी "पाहून सांगते" असे शिक्षकी उत्तर दिले आणि घरी येऊन भाच्याला विचारले. भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याची गिटारही आमच्याकडे राहते.

तर रिफ म्हणजे सुरांचा एक लहानसा तुकडा. चार-सहा सुरांचा, फार तर दोन ओळींचा. गाणे त्याने सुरू होते, मधूनमधून त्याच्याकडे परत येते आणि पुष्कळदा गायक गात असतानाही तो खाली चालूच असतो. शब्द विसरतात, गायक विसरतो, पण तो तुकडा डोक्यातून जात नाही. त्या मुलाचे पालुपद अगदीच चूक नव्हते. पण मला जास्त जवळचा वाटला तो आपला लेहरा. तबलजी एकटा वाजवत असतो तेव्हा पेटीवाला एकच नगमा धरून अर्धा-पाऊण तास बसतो, तोच. फरक इतकाच की आपल्याकडे लेहरा धरणारा मान खाली घालून बसतो आणि टाळ्या तबलजीला मिळतात. तिकडे लेहरा धरणाराच रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहतो!

ज्या घरात गिटार आहे त्या घरात एक रिफ हटकून ऐकू येते, आणि ती एकाच घरात दिवसातून चाळीस वेळा ऐकू येते. 'डीप पर्पल' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची ती सुरावट. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, ती पाठ झाली ती त्रासातून. नानांनी उमेदीची वर्षे पेटीवर घालवली. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांचा डावा हात अधू झाला. उजवा चालतो, पण भाता हलवता येत नाही, म्हणून पेटी बंद. एका संध्याकाळी ते वैतागून म्हणाले, "अरे, तू काय वाजवतोस ते तुला तरी ठाऊक आहे का? आण ती पेटी." भाच्याने पेटी काढली आणि भाता स्वतः धरला. नानांनी उजव्या हाताने वाजवून दाखवले: सा, कोमल गंधार, मध्यम. पुन्हा सा, कोमल गंधार, आणि मग तीव्र मध्यमाला हात लावून शुद्ध मध्यम. पुन्हा सा, गंधार, मध्यम, आणि गंधारावरून सा. संपले! एवढाच जीव. "चारच सूर आहेत," नाना म्हणाले, "पण दोन मध्यम शेजारी ठेवलेत, ललतात ठेवतात तसे. चोर आहे पठ्ठ्या."

त्यातली दुसरी खुबी भाच्याने सांगितली. रिची ब्लॅकमोर हा गिटारवाला तो सूर एकटा वाजवत नाही. दोन तारा एकदम छेडतो. वर षड्ज असेल तर त्याच्याखाली मंद्र पंचम. हे ऐकून नाना गप्प झाले. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा म्हणजे तरी दुसरे काय? मंद्र पंचम आणि षड्ज. हीच जोडी ब्लॅकमोर वरखाली सरकवतो, इतकेच.

या गाण्याची जन्मकथा मात्र सांगण्यासारखी आहे. १९७१ च्या डिसेंबरात ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावी, सरोवराकाठच्या कॅसिनोत, ध्वनिमुद्रण करायला गेली होती. ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेली एक मोटारगाडी त्यांनी भाड्याने आणली होती. कॅसिनोतला हंगामाचा शेवटचा जलसा फ्रँक झापा या अमेरिकन कलावंताचा. ४ डिसेंबरला तो चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी इशाऱ्याचे पिस्तूल छताकडे झाडले. छत पेटले आणि सबंध इमारत जळून गेली. सुदैवाने कोणी दगावले नाही. जलशाचे संयोजक क्लोद नोब्स यांनी स्वतः आत शिरून मुलांना बाहेर काढले. सरोवराच्या पाण्यावर पसरलेला धूर ही मंडळी हॉटेलातून पाहत होती. काही दिवसांनी रॉजर ग्लोव्हर हा त्यांच्यातला बास गिटारवाला झोपेतून जागा झाला तो ते नाव तोंडात घेऊनच.

पुढची गंमत आपल्या चाळीत शोभण्यासारखी आहे. जागा जळाल्यावर त्यांनी गावातले एक नाट्यगृह मिळवले आणि रात्री वाजवायला बसले. आवाजाने शेजारी उठले, पोलीस आले. पोलीस दारावर धक्के देत असताना आत या गाण्याच्या संगीताचे मुद्रण पुरे करून घेतले, असे ते लोक सांगतात. उरलेले काम हिवाळ्यामुळे बंद पडलेल्या एका मोठ्या हॉटेलच्या थंडगार बोळात, भिंतींना गाद्या लावून झाले. १९७२ साली तबकडी निघाली. गाणे इतके चालेल असे त्यांना स्वतःलाच वाटले नव्हते. ते सुटे निघाले १९७३ साली. पुढे जगभरच्या वाद्यांच्या दुकानांतून गिटार चाचपून पाहणारा प्रत्येक मुलगा हेच वाजवू लागला आणि दुकानदार कावून गेले. नानांचे दुःख काही एकट्याचे नव्हे.

रिफ कुठून येते याची उत्तरे ऐकली तर मात्र कोणत्याही संगीतशिक्षकाने हात टेकावेत. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स. १९६५ साली एका सकाळी उठून पाहतो तो उशाजवळच्या टेपरेकॉर्डरची फीत संपलेली! उलटी फिरवून ऐकली, तर त्यावर गिटारवर वाजवलेली एक सुरावट आणि पुढे चाळीस मिनिटे घोरणे. 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणे ते. सूर किती? तीन. पंचम, धैवत, कोमल निषाद. चढायचे आणि उतरायचे. त्याच्या मनात ही ओळ तुताऱ्या-शिंगांसारख्या पितळी वाद्यांसाठी होती. नमुन्यादाखल त्याने गिटारचा आवाज एका लहानशा पेटीतून फाडून, घोगरा करून मुद्रित केला, आणि बाकीच्यांनी तोच कायम केला. त्याच वर्षी ओटिस रेडिंग या निग्रो गायकाने, आज आपण कृष्णवर्णीय म्हणू, ते गाणे खरोखरच पितळी वाद्यांवर गाऊन दाखवले. तेही उत्तम आहे. पण लोकांच्या कानात बसला तो घोगरा नमुनाच.

घोगरेपणाची हौस त्याच्याही एक वर्ष आधीची. लंडनच्या 'किंक्स' मंडळींतल्या धाकट्या भावाने, डेव्ह डेव्हीसने, वयाच्या सतराव्या वर्षी आपल्या स्वस्तातल्या ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा दाढीच्या पात्याने चिरला. फाटक्या पडद्यातून फाटका आवाज आला आणि १९६४ साली त्यावर 'यू रिअली गॉट मी' हे गाणे उभे राहिले. आपल्याकडच्या मुलाने हे केले असते तर गाणे बाजूलाच, आधी वडिलांनी ध्वनिवर्धकाची किंमत सांगितली असती.

पण मला स्वतःला या सगळ्या शोधात जे मिळाले ते वेगळेच आहे. दोन माणसांचे हात.

पहिला जॅंगो राइनहार्ट. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या रोमा जमातीतला. घोड्याच्या गाडीतले घर, पॅरिसच्या वेशीवर तळ, शाळेचे नाव नाही. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून बँजो वाजवून पैसे मिळवायचा. २ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री, अठरा वर्षांचा असताना, तो वाजवून घरी आला. त्याची बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे. गाडीत त्यांचा ढीग पडला होता. मेणबत्ती कलंडली आणि क्षणात गाडी पेटली. नवरा-बायको दोघे वाचली, पण जॅंगोचा पाय आणि डावा हात भयंकर भाजला. डॉक्टर पाय कापायला निघाले होते, त्याने कापू दिला नाही. पाय काठीच्या आधाराने पुढे चालता झाला. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मात्र आखडली ती कायमची. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे त्याची जीभ. तारा दाबायच्या त्या त्याच हाताने.

सुमारे दीड वर्ष तो अंथरुणावर होता. भावाने तिथे एक गिटार आणून दिली. राहिलेल्या दोन बोटांनी, तर्जनी आणि मध्यमेने, त्याने सगळे पुन्हा शिकून घेतले. इतर लोक चार बोटे टेकवून गिटारच्या एका जागी बसून वाजवतात, तसे त्याला करता येईना. म्हणून तो एकाच तारेवर लांबच्या लांब धावू लागला. १९३४ साली स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने पॅरिसमध्ये नुसत्या तंतुवाद्यांचा एक पंचक-वृंद काढला. ढोल नाही, पितळ नाही. त्यांचे १९३७ सालचे 'मायनर स्विंग' ऐकावे. दोन बोटांचा माणूस वाजवतो आहे हे कानाला सांगूनही पटत नाही. १९५३ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

हे 'मायनर स्विंग' आम्ही घरी ऐकत होतो तेव्हा भाचा ही दोन बोटांची हकिकत मोठ्या अप्रूपाने सांगत होता. नाना डोळे मिटून पडले होते. तसेच पडल्यापडल्या म्हणाले, "सतारिये तरी किती बोटं वापरतात रे? तर्जनी आणि मधलं. आणि एकाच तारेवर वर-खाली. हा तुमचा जॅंगो भाजला नसता तर इतर चौघांसारखा वाजवत बसला असता. भाजला आणि आमच्याकडे आला." मग जरा थांबून म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा डावा हात पांघरुणावर होता. मी तिकडे पाहिले नाही. त्यांना ते आवडले नसते.

जॅंगो गेल्यावर बारा वर्षांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला एका वाद्यवृंदात जागा मिळाली होती, जर्मनीचा दौरा ठरला होता, आणि तो त्याचा कारखान्यातला शेवटचा दिवस होता. दुपारी घरी जेवायला आला आणि आईला म्हणाला, आता काही परत जात नाही. आईने बजावले, हातचे काम नीट पुरे करून ये. कुठलीही आई हेच सांगेल. तो गेला. त्या दिवशी दाबयंत्रावरचा माणूस आला नव्हता म्हणून याला त्यावर बसवले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा होता. म्हणजे तारा दाबायचा हात हाच. सगळ्या डॉक्टरांनी सांगितले, वाजवणे विसर.

घरी तो खचून बसला असताना कारखान्यातला मुकादम भेटायला आला आणि येताना एक तबकडी घेऊन आला. म्हणाला, ऐक. आयोमीला गिटारचे नावही नको झाले होते. पण मुकादमाने आग्रहाने ऐकवली आणि मग सांगितले की हा वाजवणारा दोनच बोटांनी वाजवतो. ती जॅंगोची तबकडी होती. या मुकादमाइतका थोर संगीतशिक्षक मला तरी सबंध संगीताच्या इतिहासात दुसरा सापडत नाही!

आयोमीने भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापल्या सळईने भोके पाडून बोटांना टोपणे केली आणि त्यांवर जुन्या कातडी जाकिटाचा तुकडा चिकटवला. टोपणातून तार बोटाला जाणवत नाही. किती दाबली हे कानानेच ठरवायचे. नेहमीच्या जाड तारा दुखू लागल्या, म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा चढवल्या. तरी त्रास होई, म्हणून पुढे तारा सैल सोडल्या. १९७१ सालच्या त्यांच्या एका तबकडीत तर गिटार पेटीच्या तीन पट्ट्या उतरवून लावली आहे. तार सैल झाली की आवाज खोल, जड, घुमणारा होतो. ज्याला 'हेवी मेटल' म्हणतात त्या प्रकाराचा जडपणा हा असा आला. लोकांनी पुढे त्याला तत्त्वज्ञान चिकटवले. मुळात बोट दुखत होते.

त्याच्या मंडळींचे नाव 'ब्लॅक सॅबथ'. १९७० च्या फेब्रुवारीत निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीचे पहिले गाणे त्याच नावाचे, आणि त्याची रिफ तीन सुरांची. खालचा षड्ज, तार षड्ज, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. तोही थरथरता ठेवायचा. युरोपात या षड्ज आणि तीव्र मध्यमाच्या अंतराला सैतानाचे नाव चिकटले आहे. मला याचे मोठे नवल वाटते. तोच तीव्र मध्यम आपल्याकडे यमनात येतो तेव्हा देवापाशी दिवा लावल्यासारखे वाटते. नानांना विचारले तर ते म्हणाले, "त्यात काय! पंचम काढून घे, की तीव्र मध्यम पोरका होतो. मारवा ऐक, पूरिया ऐक. संध्याकाळ खायला उठते." तर बर्मिंगहॅमच्या धुराड्यांखाली मारव्याची संध्याकाळ अशी उगवली. या मंडळींचा अखेरचा जलसा ५ जुलै २०२५ रोजी त्यांच्याच गावी झाला, आणि त्यानंतर सतराच दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न वारला. आयोमी त्या दिवशीही वाजवत होता, बोटांवर टोपणे होतीच.

आपल्या मुंबईतही अशी पालुपदे झाली, आणि आपण ती गात-गुणगुणत मोठे झालो. पण ती कुणाच्या बोटांतून आली हे आपण कधी विचारले नाही. 'हरे रामा हरे कृष्णा' हा १९७१ सालचा चित्रपट. 'दम मारो दम' गाण्याच्या आरंभीचा गिटारचा तुकडा दोन सेकंद ऐकवला तरी रस्त्यावरचा माणूस गाणे ओळखतो. संगीत राहुलदेव बर्मन यांचे, आवाज आशाबाईंचा, हे सगळ्यांना ठाऊक. गिटार भूपिंदर सिंग यांची. होय, तेच ते खर्जातल्या आवाजाचे गझलगायक. दिल्ली आकाशवाणीवर ते गिटार वाजवीत. तिथे मदनमोहन यांनी त्यांना ऐकले आणि मुंबईस बोलावले. १९७३ सालच्या 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया'च्या आरंभी जी गिटार किणकिणते तीही त्यांचीच. मी त्यांच्या गझला पंचवीस वर्षे ऐकते आहे. ही गिटार त्यांची, हे मला या वर्षी कळले. २०२२ च्या जुलैत ते गेले.

आणि 'कर्ज', १९८० सालचा. त्यात तर गिटारची सुरावट हेच कथानक आहे. नायक ती वाजवतो आणि त्याला मागचा जन्म आठवू लागतो! पडद्यावर ऋषी कपूर वाजवतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वाजवली ती गोरख शर्मा यांनी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींच्या धाकट्या भावाने. तबकड्यांवर गायकाचे नाव असे, गीतकाराचे असे, संगीतकाराचे असे. वादकांचे नसे. गोव्याहून आलेल्या कितीतरी ख्रिस्ती वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला सूर दिले, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे त्यांच्या घरच्यांनाच माहीत राहिली.

तिकडेही सगळे आलबेल नाही. चक बेरीचे १९५८ सालचे 'जॉनी बी. गुड' म्हणजे या सबंध घराण्याचे बिरुद. त्याच्या आरंभीची झणझणीत गिटार जगाला चक बेरीची म्हणून माहीत आहे. पण तिचा साचा १९४६ सालच्या लुई जॉर्डनच्या एका तबकडीत आहे, आणि तिथे वाजवणाऱ्याचे नाव कार्ल होगन. हे बेरीने स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते. तो २०१७ साली नव्वदाव्या वर्षी वारला, तेव्हा वर्तमानपत्रे भरभरून आली. होगनचे नाव त्यांत शोधावे लागत होते.

या गाण्याविषयी नानांना सांगण्यासारखी एक गोष्ट मी राखून ठेवली होती. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात काय घालावे यावर कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांत बरीच चर्चा झाली. लोकसंगीताचे एक मोठे जाणकार, ॲलन लोमॅक्स, 'जॉनी बी. गुड'ला विरोध करीत होते. हे पोरसवदा संगीत आहे असे त्यांचे म्हणणे. सेगन यांनी उत्तर दिले की पृथ्वीवर पोरसवदा माणसे पुष्कळ आहेत. गाणे गेले. आणि त्याच तबकडीवर भारतातून एकच आवाज गेला, गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांचा. भैरवीतली 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या.

नाना ताडकन म्हणाले, "केसरबाई आणि तो गिटारवाला? एकाच तबकडीवर?" त्यांना ते मुळीच रुचले नाही. एक याने २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली, दुसऱ्याने २०१८ साली, आणि दोन्ही अजून चालली आहेत, असे भाच्याने सांगितले तरी त्यांचा राग जाईना. शेवटी भाचा म्हणाला, "आजोबा, आधी बाईंचं लावू की आधी चक बेरीचं?" नाना म्हणाले, "बाईंची भैरवी आहे. भैरवीनंतर काही लावायचं नसतं, एवढं तरी कळू दे. आधी तुझा तो आटप."